चोळीबांगडीचं शेत

देवीची शपथ, तुळशीची शपथ, आणि एवढ्यानंही भागत नसेल तर माझ्या नव्या कवळीची शपथ, आज सांगतेय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

माझ्या थापा घरात सगळ्यांना पाठ आहेत, मला ठाऊक आहे. वरातीत संस्थानच्या हत्तीनं मला डोळा मारला, ती थाप. माझी आत्या विहिरीतल्या मगरीला नावानं हाक मारायची, ती अर्धी थाप, कारण मगर होती. पण ही थाप नाही. ही सांगताना मला मजा येत नाही, त्यावरूनच ओळखा.

तर, मी चिखलात पालथी पडले होते.

सन सत्तावन्न, आषाढ महिना, कोकणातलं कोंडवेळ नावाचं गाव आणि गुडघाभर चिखलाचं भाताचं खाचर. मी अठरा वर्षांची, लग्नाला सहा महिने झालेले, अंगावर पोपटी महेश्वरी लुगडं. हातातली रोपं पाण्यावर तरंगत निघून गेलेली. आणि पुढ्यात राधी भुवड, असेल पंचविशीची, ती हसतेय आणि हसता हसता माझी रोपं गोळा करतेय.

"वैनीसाब," ती म्हणाली, "भात लावायचं असतं. गाडायचं नसतं."

मी उठायला गेले तर पायाच्या बोटाला खेकड्यानं धरलं. मी परत पडले. राधीला इतकं हसू आलं की तीही माझ्या शेजारी बसकण मारून बसली. मला मैत्रीण अशी पहिल्यांदा मिळाली, चिखलात.

आता मी त्या चिखलात का होते ते सांगते.

माझं सासर बडोद्याचं, विचारे सरकारांचं. मूळ गाव कोकणात, पण पणजोबा दरबारी नोकरीला गेले ते तिकडचेच झाले. तीन पिढ्यांत घरातल्या एकाही पुरुषानं कोंडवेळ पाहिलं नव्हतं. तिथून भात यायचं, आंब्याच्या पेट्या यायच्या, आणि सासरे पाहुण्यांना 'आमचं कोंडवेळ' असं सांगायचे, माणसानं 'आमचा चंद्र' म्हणावं तसं.

आणि घराण्याची एक रीत होती. थोरली सून आली की तिच्या चोळीबांगडीच्या खर्चाला म्हणून एक शेत तिच्या नावावर करायचं. ते आईसाहेबांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर होतं. माझं लग्न लागलं आणि त्यांनी ते माझ्या नावावर चढवलं. माझा बाप नावाचा सरदार. घरात तलवार एक, आणि तीही गंजलेली. जन्मात पहिल्यांदा एका कागदावर माझं नाव आलं होतं. तो कागद मी उशीखाली घेऊन झोपायचे.

नेमका तेव्हाच कायदा आला, जो कसेल त्याची जमीन. आता ते शेत कोण कसत होतं? भुवड. राधीचा नवरा ढाकलू, त्याच्याआधी त्याचा बाप, त्याच्याआधी आजा. कायद्यानं शेत त्यांचं होणार होतं. वाट एकच होती. मालकानं दाखवून द्यायचं की आम्ही स्वतः, आमच्या हातांनी कसतो, आणि हे भुवड म्हणजे फक्त मजूर. त्याची चौकशी करायला तालुक्याहून साहेब येणार होता, ऐन लावणीत.

सासऱ्यांना संधिवात. स्वारी, म्हणजे आमचे हे, पुण्याला घोड्यांच्या शर्यतीला. पुरुषांना चिखल सोसत नव्हता. शिवाय शेत माझ्या नावावर, म्हणजे राबताना दिसायला हवी होते मी. मग मे महिन्यातल्या शेवटच्या बोटीनं आईसाहेब आणि मी असं आमचं लष्कर कोकणात उतरलं. बरोबर एक म्हातारी दासी, एक स्टोव्ह आणि एक ग्रामोफोन.

त्यात आमच्याकडे गोषा. घरातली बाई परक्या पुरुषापुढे तोंड उघडं करत नसे. त्यामुळे कोंडवेळात राधी सोडली तर माझा चेहरा कुणीच पाहिला नव्हता. हे लक्षात ठेवा.

राधीनं मला लावणी शिकवायची असं ठरलं. का शिकवायची ते तिला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, शहरातली सून, हौस असेल. आठ दिवस तिनं मला शिकवलं. मूठ डाव्या हातात कशी धरायची, अंगठ्यानं रोप कसं सुटं करायचं, मुळं चिखलात किती दाबायची. मला काही जमलं नाही. माझी ओळ दारुड्यासारखी चालायची. बदल्यात मी तिला बडोद्याच्या गोष्टी सांगायचे. राजवाड्यात आरसे इतके की एक दासी स्वतःच्याच मागे तीन दिवस हिंडत राहिली. दरबारातला पोपट फारसीत शिव्या द्यायचा. राधीला सगळं पटायचं. फक्त एका गोष्टीवर ती अडली.

"सोन्याची तोफ?" ती म्हणाली. "ह्ये काय पटत न्हाय, वैनीसाब. सोन्याची तोफ उडवली तर वितळंल."

आता गंमत बघा, मी सांगितलेल्यातलं तेवढंच एक खरं होतं.

राधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. त्यानंतर काही नव्हतं. तिनं हे रडून नाही सांगितलं. रोपं लावता लावता सांगितलं, जसं आपण गेल्या वर्षीच्या पुराचं सांगतो.

मग निरोप आला की साहेब गुरुवारी येतोय. अव्वल कारकून, पेणकडचा, स्वतः भातशेतीत वाढलेला. म्हणजे माझी ओळ बघून तो जागेवरच हसला असता.

त्या दुपारी आईसाहेब झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होत्या. मी सांगितलं की माझ्यानं होणार नाही, शेत गेलं.

त्यांनी अडकित्ता थांबवला. म्हणाल्या, "सूनबाई, तुमची आणि त्या राधीची उंची सारखीच आहे."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमचं लुगडं तिच्या अंगावर. तोंडावर पदर, पाठीवर इरलं. गोषातल्या बाईचा पदर उचलायला साहेब काय वेडा आहे?"

कोकणातल्या बायका लावणीच्या वेळी पावसासाठी डोक्यापासून कमरेपर्यंत पानांचं इरलं घेतात. आत कोण आहे ते तिच्या आईलाही कळत नाही.

"पण ती का तयार होईल? शेत तिचंच जायचंय."

"ते तुमच्याकडे. थापा तुम्हाला येतात," असं म्हणून त्या परत कातरायला लागल्या.

मी संध्याकाळीच राधीकडे गेले. वाटेत गोष्ट रचून झाली होती. तिला सांगितलं की मला दिवस गेलेत, दुसरा महिना, अजून कुणाला बोलले नाही. आमच्या घराण्यात रीत आहे, पहिलं लेकरू पोटात असताना चोळीबांगडीच्या शेतात सुनेनं स्वतः लावणी करायची, सरकारी माणसाच्या साक्षीनं. नाही केली तर लेकरू टिकत नाही. पण माझी कंबर धरलीय, मला वाकवत नाही. माझ्या जागी दुसरीनं केली तर चालतं, मात्र नजर लागू नये म्हणून दोघींनी लुगडी बदलायची आणि कुणाला कळू द्यायचं नाही.

रीत, साक्षी, नजर, सगळं जागच्या जागी बसवलं होतं. मला त्या गोष्टीचा अभिमान वाटला होता, खोटं कशाला सांगू.

राधीनं चूल सोडली, हात पुसले आणि माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी लावतंय. तुमी वाकायचं न्हाय. आठ दिस चिखलात पाडलं मी तुमाला, आदी का न्हाय बोललात?"

ती स्वतःलाच दोष देत राहिली. मी घरी आले आणि छान झोपले.

गुरुवारी ढाकलूला आईसाहेबांचं औषध आणायला तालुक्याला धाडलेलं होतं. गावचा तलाठी आदल्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवून गेला होता, त्याला त्या दिवशी नेमका ताप आला. आईसाहेबांचं डोकं दुखत होतं. त्या खोलीत पडदा ओढून पडल्या होत्या.

राधीनं माझं पोपटी लुगडं नेसलं. मी तिचं नेसले, गुडघ्यापर्यंतचं, जाडंभरडं, धुराच्या वासाचं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तुमी राधी." आणि शेतात उतरली.

साहेब आला. छत्री, पायजमा पोटरीपर्यंत वर घेतलेला, मागे एक शिपाई. तो बांधावर उभा राहून बघत राहिला. समोर पोपटी लुगडं सरकत होतं, वाकलेलं, इरल्याखाली. दोन्ही हात पाण्यात जात होते आणि येत होते, आणि मागे ओळी उमटत होत्या, सरळ, हिरव्या.

"हात खोटं बोलत नाहीत," तो शिपायाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मी डोक्यावर रोपांची पाटी घेऊन उभी होते. "ए बाई, इकडे ये. ती लावतेय ती कोण?"

"आमच्या वैनीसाब हायत. मालकीन."

"सौभाग्यवती हेमलताबाई विचारे?"

माझंच नाव. मी मान हलवली.

"आणि तू कोण?"

मी फक्त बांधावर उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं. मला सांगता आलं असतं, दासी आहे, बडोद्याची. पण तोंड उघडलं आणि राधीच्या बोलीत, राधीच्या हेलात शब्द आले. मला ते इतकं चांगलं जमत होतं.

"राधी भुवड."

त्यानं कागद काढला. "ढाकलू भुवडची बायको? तुम्हीच ना इथलं कूळ?"

"न्हाय सायेब. आमी मजुरीवर येतंव. शेत मालक कसतात."

"कधीपासून?"

"माजं लगीन झाल्यापास्नं बगतंय."

तो लिहीत गेला. वाचून दाखवलं. शिपायानं शाईची डबी पुढे केली. मी सही करू शकत होते, मोडी आणि बाळबोध दोन्ही. मी अंगठा पुढे केला. त्यानं तो धरला आणि थांबला.

"हात मऊ आहे गं तुझा."

"सरकारांकडं लोणी काढतंय ना, सायेब."

तो हसला. अंगठा कागदावर दाबला गेला. तेवढ्यात लांब शेतात राधीनं कंबर सरळ केली, इरल्याखालून आमच्याकडे पाहिलं आणि मला हात केला. तिला काही ऐकू आलं नव्हतं, पाऊस इरल्यावर ताशासारखा वाजत होता.

"बघ," साहेब शिपायाला म्हणाला, "एवढ्या घरची बाई, पण मजुरणीला हात करते. अशी माणसं राहिली नाहीत आता."

तो गेल्यावर राधीनं सबंध शेत लावून काढलं. एक कोपरा ठेवला आणि मला हाक मारली. तिनं एकच मूठ माझ्या हातात दिली. "ही तेवडी तुमी लावा, बसून. लेकराच्या नावानं." मी लावली. सगळ्या शेतात तेवढीच वाकडी होती.

लुगडं ती परत करत होती. मी म्हटलं, राहू दे तुला. मला वाटलं, फिटलं.

नवरात्र झाल्यावर आम्ही बडोद्याला परत निघालो. निघताना मी पदर सैल घेतला आणि हात कमरेवर ठेवून चालले. राधीनं कुळथाचं पीठ, आमसुलं आणि गावदेवीचा अंगारा दिला. दिवाळीनंतर निकाल आला. शेत सौभाग्यवती हेमलताबाईंचं. भुवड कूळ नाहीत. स्वारींनी पेढे वाटले. आईसाहेबांनी पेढा हातात घेतला आणि देवापुढे ठेवला, खाल्ला नाही. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचा विडाही कधी घेतला नाही. मी कारण विचारलं नाही.

होळी उलटून गेली होती. दासी येऊन म्हणाली, मागच्या दारी कोकणातला माणूस आलाय, वैनीसाबांनाच भेटायचं म्हणतो. मी दाराच्या चिकाच्या पडद्यामागे जाऊन बसले. पलीकडे ढाकलू. त्याला मी दोन-तीनदाच लांबून पाहिलं होतं. बगलेत एक गाठोडं.

त्यानं वाकून रामराम घातला आणि म्हणाला, "बाळ बरं हाय?"

चिकाच्या काड्यांमधून त्याला मी दिसत नव्हते. मला सांगता आलं असतं. पडलं म्हणता आलं असतं, झालंच नाही म्हणता आलं असतं.

"झोपलंय," मी म्हणाले.

त्यानंतर तो जे काही बोलला ते हळू आवाजात. बाळ जागं होऊ नये म्हणून.

त्यानं सांगितलं की निकाल आला तेव्हा तो कचेरीत गेला होता. तिथे म्हणाले, भांडतोस काय, तुझ्याच बायकोचा अंगठा आहे. त्यानं घरी येऊन राधीला विचारलं. मारायलाही उठला, ते त्यानं लपवलं नाही.

"ती म्हनली, अंगठा माजा न्हाय. मी म्हनलं, मग कुनाचा? चल कचेरीत, पुना उठव, सायबाला दाखवू. तर पाय धरून बसली. म्हनली, कुनाचा त्ये मला कळलंय, पन मी सांगनार न्हाय. चौकशी लागली तर त्या बाईला कचेरीत उबी करतील. दोन जिवाच्या बाईला उबी करायची न्हाय. ती मोकळी होऊ दे, मग बगू."

"मग?" मी विचारलं.

"मग मुदत गेली."

तो बडोद्याच्या गिरण्यांमध्ये काम बघायला आला होता. राधी माहेरी, लाकडं फोडायला जात होती. त्यानं गाठोडं सोडलं आणि आतलं चिकाखालून माझ्याकडे सरकवलं. लहान मुलाची गोधडी होती, माझ्या पोपटी लुगड्याची. मध्ये कुठेतरी तिच्या स्वतःच्या जाड्याभरड्याचा एक चौकोन. टाके इतके सरळ, इतके जवळजवळ, लावणीच्या ओळींसारखे.

"आनि तुमची ती सोन्याची तोफ बगून ये, म्हनली."

"बघितलीत?"

"बगितली. खरीच हाय सोन्याची," ढाकलू म्हणाला. "तिला सांगतो जाऊन. येक तरी खरं निगालं."

आणि तो पाय न वाजवता गेला.

ते शेत पुढे सात वर्षं पडून राहिलं. मजूर कोण लावणार, आणि आमच्यातलं कोण जाणार? गवत माजलं. मग स्वारींनी बाकीच्या जमिनीबरोबर तेही कुणाला तरी विकलं. माझ्या सहीनं. तेव्हा मी अंगठा दिला नाही.

माझं पहिलं लेकरू ढाकलू येऊन गेल्यावर तीन वर्षांनी झालं. तिन्ही मुलं त्या गोधडीवर वाढली, मग पाच नातवंडं. प्रत्येकानं विचारलं, ही कुणी दिली. मी प्रत्येकाला वेगळं सांगितलं. एकाला राणीच्या शालूची म्हणून, एकीला परीनं खिडकीतून टाकली म्हणून. धुऊन धुऊन पोपटी रंग गेला. टाका मात्र एकही उसवला नाही.

राधीला मी परत भेटले नाही. पत्र लिहायचं म्हटलं तर तिला वाचता येत नव्हतं, ही सबब मी पन्नास वर्षं वापरली.

आता ती कवळीची शपथ. ती मोडावी लागेल. एक गोष्ट मी बनवून सांगितली. एकच.

त्या दुपारी आईसाहेब झोपाळ्यावर सुपारी कातरत होत्या, हे खरं. मी म्हटलं शेत गेलं, हेही खरं. पण त्यांनी अडकित्ता थांबवून जे म्हटलं ते असं होतं: "जाऊ द्या, सूनबाई. ते शेत मी तीस वर्षं नावावर ठेवलं आणि एकदाही पाहिलं नाही. त्या पोरीचा हात बघा त्याच्यावर कसा चालतो. साहेब आला की खरं ते सांगा. मी डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहते, म्हणजे घरचे तुम्हाला नाही, मला बोलतील."

उंचीचं त्या काही बोलल्याच नाहीत. ती मी मोजली होती. चिखलात आम्ही दोघी शेजारी बसून हसत होतो, आणि उठताना राधीनं मला हात दिला, तेव्हाच.